कागद नसलेल्या घोड्यांच्या मालकांना ब्रीड असोसिएशनचं सभासद करून घ्यावं का?

खरारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडतोय. सवडीने वाचा, पण लिहा नक्की. पुढच्या वार्षिक सभेत यावर मतदान आहे आणि ठराव मी मांडणार आहे.

मी एका ब्रीड असोसिएशनच्या, म्हणजे घोड्यांच्या एका जातीसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या, कार्यकारिणीवर 11 वर्षं आहे. सभासदत्वाचे अर्ज माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी एका बाईंचा अर्ज आला. सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले. फक्त 'घोड्याचा नोंदणी क्रमांक' या रकान्यात एक आडवी रेघ आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात, "कागद मिळाले नाहीत. घोडी 14 वर्षं माझ्याकडे आहे." सोबत चार फोटो: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून. नोंदणीला लागतात अगदी तसे. आमच्या घटनेत सभासद म्हणजे 'नोंदणीकृत घोड्याचा मालक' अशी व्याख्या आहे, म्हणून अर्ज परत गेला. परतीच्या पाकिटावर पत्ता मीच लिहिला, आणि तेव्हापासून तो अर्ज डोक्यातून जात नाही.

सभासद माणूस होतो, स्टडबुकात, म्हणजे जातीच्या वंशावळीच्या नोंदवहीत, घोडा जातो. या दोन दारांना आपण एकच कुलूप घातलंय असं मला वाटतं. स्टडबुकाचं दार जितकं घट्ट ठेवायचं तितकं ठेवा, त्यात मी तुमच्याबरोबर आहे. पण या जातीवर जीव असलेल्या, तिच्याबद्दल शिकायची इच्छा असलेल्या, वर्गणी भरायला आणि कार्यक्रमात राबायला तयार असलेल्या माणसाला आपण कशासाठी परत पाठवतो, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तुमच्या संघटनांत काय पद्धत आहे? विरोध असेल तर तोही स्पष्ट सांगा, मला तोच जास्त ऐकायचाय.

तिसरी पिढी

विरोध ऐकायचाय म्हणता, तर मी लिहितो.

आमच्या घरात माझ्या आजोबांपासून पैदास आहे. प्रत्येक शिंगराची जन्मवेळ, रंग, कपाळावरचा ठिपका, कोणत्या पायाला किती पांढरं, भोवरे कुठे, सगळं वहीत आहे. नोंदणीसाठी जो घोड्याचा आराखडा भरावा लागतो त्यात भोवऱ्याच्या जागी काळ्या शाईची फुली आणि पांढऱ्या खुणा लाल शाईने. हे काम माझ्या वडिलांनी कंदिलाच्या उजेडात केलेलं मी पाहिलंय. शिंगरू हलत असतं, आई अस्वस्थ असते, आणि मानेवरचा एक भोवरा चुकला तर पुढे ओळखच चुकते.

ही शिस्त सहज आलेली नाही. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीसाठी इंग्लंडात वेदरबींनी 1791 मध्ये जनरल स्टडबुकाची पहिली प्रस्तावनावजा आवृत्ती काढली, कारण त्याआधी शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीत वाटेल ते सांगितलं जायचं. दोनशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या कामाची गरज संपलेली नाही. वंशावळ म्हणजे पैदास करणाऱ्याने खरेदीदाराला दिलेला शब्द असतो.

आता माझी भीती सांगतो, आणि ती कल्पनेतली नाही. एका विक्रेत्याने जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, 'अमुक असोसिएशनचे सभासद'. खाली घोडा, कागद नसलेला. घेणाऱ्याला वाटलं सभासद म्हणजे घोडा नोंदलेला. पुढे शिंगरू झाल्यावर नोंदणीला गेले तेव्हा सत्य कळलं. नाव आमच्या संघटनेचं खराब झालं. तुम्ही दोन दारं म्हणताय, पण बाहेरच्या माणसाला एकच इमारत दिसते.

दुडकी

मी कागद नसलेल्या घोड्याची मालकीण. वाचनमात्र असते, पण इथे लिहिल्याशिवाय राहवेना.

माझा घोडा खच्ची केलेला आहे, त्यामुळे पैदाशीचा प्रश्न मुळातच नाही. घेतला तेव्हा सहा वर्षांचा असेल, दातांवरून पशुवैद्यांनी तसं सांगितलं. त्यांनी ओळखीची चिप शोधायला मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली स्कॅनर फिरवला. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा हलकेच आवाज झाला आणि पट्टीवर 15 आकडी क्रमांक उमटला. मला इतका आनंद झाला! चिप आहे म्हणजे हा कुणाचा तरी कुणीतरी आहे. घरी येऊन तो क्रमांक जिथे जिथे शोधता येईल तिथे शोधला. कुठेच नोंद नाही. कुणीतरी चिप बसवली आणि पुढचा फॉर्म पाठवलाच नाही. आधीच्या मालकाचा फोन लागत नाही, त्याच्या आधीच्या मालकाचं नाव कुणालाच माहीत नाही.

यात माझी चूक काय आणि घोड्याची काय? तिसरी पिढी, तुमच्या वहीबद्दल वाचून मला खूप आदर वाटला. माझ्या घोड्याच्या जन्माच्या वेळीही कुणीतरी तशी वही लिहिली असती तर आज मी तुमच्या शेजारी बसले असते. मला स्टडबुकात जागा नको. या जातीच्या खुरांना नाल किती दिवसांनी बदलावी, पाठीच्या ठेवणीला खोगीर कसं बसतं, म्हातारपणी काय काय होतं, हे ज्या लोकांना माहीत आहे त्यांच्यात मला बसायचंय.

गुणसूत्र

व्यवसायाने जनुकशास्त्राशी संबंध आहे, म्हणून एक-दोन गोष्टी. थोडं लांबेल.

पहिली गोष्ट आपण विसरतो. जगातल्या प्रत्येक स्टडबुकातला पहिला घोडा नोंदणी नसलेला होता. नोंदवहीच नव्हती तर नोंद कुठून येणार! अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन 1940 मध्ये स्थापन झाली तेव्हा कुठल्या घोड्याला 1 क्रमांक द्यायचा हा प्रश्न होता. ठरलं असं की 1941 च्या फोर्ट वर्थच्या प्रदर्शनात जो सर्वश्रेष्ठ ठरेल त्याला तो द्यायचा. तो मान विम्पी नावाच्या घोड्याला मिळाला. आयर्लंडच्या कोनेमारा तट्टांची संघटना 1923 ची. त्यांच्या वहीतला पहिला नर कॅनन बॉल. माणसांनी प्रत्यक्ष पाहून, पारखून निवडलेले प्राणी होते हे.

वेल्श पोनी अँड कॉब सोसायटीने तर यासाठी पायऱ्याच बांधल्या होत्या. कागद नसलेली पण जातीला शोभणारी घोडी तपासून 'फाउंडेशन स्टॉक' म्हणून नोंदायची. तिला नोंदलेल्या नरापासून झालेली मुलगी एफएस 1, तिची तशीच मुलगी एफएस 2, आणि एफएस 2 ची संतती मुख्य स्टडबुकात. म्हणजे पूर्ण मान मिळेपर्यंत नोंदलेल्या नरांच्या तीन पिढ्या. गणित करा, नोंदलेल्या नरांचा वाटा: अर्धा, तीन चतुर्थांश, सात अष्टमांश. मूळ घोडीचा वाटा एक अष्टमांशावर येतो. घाई नाही आणि भेसळही नाही.

दुसरी गोष्ट, बंद दाराची किंमत. फ्रिजियन घोड्यांचं स्टडबुक 1879 चं. 1913 मध्ये त्यात पैदाशीचे जुने नर उरले होते फक्त तीन. आजचा तो देखणा काळा घोडा त्या अरुंद वाटेतून आलाय, आणि बुटकेपणा, जन्मतः मेंदूत पाणी साठणं असे आनुवंशिक दोष त्या जातीत आजही तपासावे लागतात. क्लीव्हलँड बे चंही तसंच. 1962 साली ब्रिटनमध्ये शुद्ध नर राहिले होते चार. त्यातल्या मलग्रेव्ह सुप्रीम या घोड्याला राणी एलिझाबेथ यांनी विकत घेऊन पैदाशीला उपलब्ध करून दिलं नसतं तर आज आपण त्या जातीबद्दल भूतकाळात बोललो असतो.

मी स्टडबुक उघडा म्हणत नाही. लहान संख्येच्या जातीत बाहेर राहिलेल्या घोड्यांची निदान माहिती हाताशी असावी, आणि ती माहिती त्यांच्या मालकांकडेच असते, एवढंच माझं म्हणणं. मालकाला हाकलला की माहितीही गेली.

खरारा

@तिसरी पिढी, जाहिरातीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्याकडेही तसं होऊ शकतं. माझ्या मते सभासदपत्रावरच छापायला हवं की हे पत्र कुठल्याही घोड्याच्या जातीचा पुरावा नाही. आणि विक्रीच्या जाहिरातीत सभासदत्वाचा उल्लेख करायचा तर घोड्याचा नोंदणी क्रमांक शेजारी दिलाच पाहिजे, क्रमांक नसेल तर उल्लेख करता येणार नाही. मोडलं तर सभासदत्व रद्द. आणखी एक विचारतो, राग मानू नका: त्या विक्रेत्याकडे दुसरा नोंदलेला घोडा होता का? असेल तर तो आजच्या नियमानेही सभासद होताच.

तिसरी पिढी

होता. दोन नोंदलेल्या घोड्या होत्या त्याच्याकडे. हा विचार मी केला नव्हता, खरं सांगतो.

हिशेबनीस

मी दुसऱ्या एका संघटनेचा खजिनदार. आमच्याकडे 'सहयोगी सभासद' असा वर्ग आहे. व्यवहारात काय होतं ते सांगतो.

सहयोगींची वर्गणी थोडी कमी. वार्तापत्र, प्रशिक्षण शिबिरं, ग्रंथालय, सगळं मिळतं. मत नाही. सुरुवातीला छान चाललं. मग झालं असं की सगळ्या कार्यक्रमांना राबणारे निम्म्याहून जास्त हात सहयोगींचे, आणि सभेत त्यांना मागच्या खुर्च्यांवर गप्प बसावं लागायचं. एकदा शिबिराच्या तारखेवर मतदान होतं. ज्या बाई गेली कित्येक वर्षं ते शिबिर एकहाती चालवत होत्या त्यांनाच हात वर करता आला नाही. त्या पुढच्या वर्षी आल्या नाहीत. कुणी भांडलं नाही, पत्र नाही, काही नाही. फक्त वर्गणी आली नाही.

त्यामुळे माझा सल्ला: मत द्या, पण विषय वेगळे करा. स्टडबुकाचे नियम, जातीचं मानक, नर घोड्यांची पारख, या गोष्टींवर पैदास करणाऱ्यांची समिती आणि नोंदलेल्या घोड्यांच्या मालकांचं मत. कार्यक्रम, खर्च, प्रशिक्षण, पदाधिकारी यावर सगळ्यांचं मत. हे घटनेतच लिहून ठेवायचं आणि ते बदलायला पैदास करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागेल अशी अट घालायची. मग उद्या कागद नसलेले सभासद संख्येने जास्त झाले तरी स्टडबुकाला धक्का नाही. ही अट नसेल तर मीही ठरावाला विरोध करेन. माणसं चांगली असतात, पण नियम वाईट दिवसासाठी लिहायचे असतात.

रिकीब

स्पर्धा भरवणाऱ्यांच्या बाजूने. हातात धरून दाखवायचे वर्ग, जिथे बांधा आणि जातीची लक्षणं तपासतात, ते नोंदलेल्यांपुरतेच ठेवा. यात वाद नको. पण स्वारीचे, अडथळ्यांचे, लांब पल्ल्याचे वर्ग सर्वांना खुले ठेवायला काय हरकत? तिथे घोडा काय करतो ते बघायचं असतं. निकालपत्रावर मात्र नोंदलेला की नाही हा रकाना ठेवा, म्हणजे पुढे आकडे अभ्यासायला उपयोगी पडतात.

एक प्रसंग सांगते. प्रवेश तपासणीच्या टेबलावर मी होते. दहा-अकरा वर्षांची मुलगी, घोड्याची आयाळ तिने स्वतः विंचरून वेण्या घातलेल्या, एक वेणी जरा सैल. टेबलावरच्या माणसाने कागद मागितले, नव्हते. तो म्हणाला, "मग हा या जातीचा आहे असं म्हणूच नकोस." नियमाने तो बरोबर असेल. मुलगी काही बोलली नाही, घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. मी तेव्हा मधे पडले नाही याचं मला आजही वाईट वाटतं. नियम सांगायची एक रीत असते, आणि आपल्या लोकांना ती शिकवणं हे संघटनेचंच काम आहे.

पागेतला डॉक्टर

पशुवैद्य आहे, घोड्यांवरच काम करतो. एका मुद्द्याला कुणी हात घातलेला दिसला नाही.

आनुवंशिक आजार कागद बघून येत नाहीत. क्वार्टर हॉर्समधला एचवायपीपी घ्या. स्नायूंचा आजार, रक्तातल्या पोटॅशियमशी संबंधित, झटके येतात, कधी जीवही जातो. तो इम्प्रेसिव्ह नावाच्या, 1969 साली जन्मलेल्या एका गाजलेल्या स्टॅलियनच्या संततीतून पसरला. नोंदलेला, बक्षिसं मिळवलेला घोडा. संघटनेने पुढे नियम केला की 2007 पासून जन्मलेल्या ज्या शिंगरांना आई-बाप दोघांकडून तो दोष आला असेल त्यांची नोंदणी होणार नाही. नियम योग्यच होता. पण अशा एखाद्या शिंगराची नोंदणी झाली नाही म्हणून ते नाहीसं होत नाही. ते कागद नसलेला घोडा म्हणून कुणाच्या तरी तबेल्यात उभं असतं, आणि त्या मालकाला आहारात पोटॅशियम कमी ठेवायला हवं हे सांगणारं कुणी नसतं. अरबी घोड्यांत एससीआयडी आहे. त्यात शिंगराची प्रतिकारशक्तीच तयार होत नाही आणि ते काही महिन्यांत दगावतं. तपासणी 1997 पासून उपलब्ध आहे. आई-बाप दोघं या दोषाचे वाहक असले तरच शिंगराला धोका, आणि वाहक घोडा दिसायला ठणठणीत असतो. ज्याच्यापर्यंत संघटनेचं वार्तापत्र पोचतच नाही तो तपासणी करणार कशी?

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर एकांगी होईल. सभासद करून घेतल्यावर काहींना वाटेल की आता आपल्या कागद नसलेल्या घोडीला शिंगरू घ्यायला मान्यता मिळाली. मी हे होताना बघितलंय. अज्ञात वंशावळ, न केलेल्या तपासण्या, आणि जन्मलेल्या शिंगराला पुन्हा कागद नाहीत. त्यामुळे नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: तुमच्या घोड्यावर प्रेम करा, पैदास करू नका. खच्ची घोडे आणि पैदाशीला न लावलेल्या घोड्या यांचे मालक हा संघटनेचा सगळ्यात निरुपद्रवी आणि बहुधा सगळ्यात मोठा वर्ग ठरेल.

तिसरी पिढी

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य माझ्यासाठी महत्त्वाचं. माझी अर्धी भीती तीच होती.

उरलेली अर्धी सांगतो. कागद नसलेल्याला सगळं मिळणार असेल तर लोक नोंदणी करतीलच कशाला? आताच खच्ची करायच्या शिंगरांची नोंदणी बरेच जण टाळतात. पैसे वाचतात म्हणून. दुडकी यांचा घोडा बहुधा असाच सुटला असेल. उद्या आणखी सुटतील.

दुडकी

@तिसरी पिढी, याचा उलटा विचार करून बघा. मी जर सभासद असते तर माझा पुढचा घोडा मी कागद बघूनच घेतला असता, कारण कागद म्हणजे काय हे मला कुणीतरी समजावलं असतं. पहिल्या वेळी मला माहीतच नव्हतं की विक्रीच्या दिवशी मालकी बदलाच्या फॉर्मवर सही घ्यायची असते. नंतर देतो म्हणाले, मी विश्वास ठेवला. ज्यांना हे शिकवायला हवं ते सगळे तुमच्या दाराबाहेर आहेत.

आणि एक विनंती. दया म्हणून आत घेऊ नका. काम द्या. मला अक्षरं चांगली काढता येतात, जुन्या वह्या संगणकावर चढवायच्या असतील तर मी बसेन.

गुणसूत्र

डीएनएबद्दल दोघांनी खासगीत विचारलं म्हणून इथेच लिहितो. आयाळीचे किंवा शेपटीचे केस मुळासकट उपटून पाठवायचे, कापून नाही. पेशी मुळाशी असतात. पालकत्वाची चाचणी भक्कम असते, पण त्यासाठी आई-बापांचे नमुने प्रयोगशाळेत असायला हवेत. ते असतील तर हरवलेल्या कागदांचा घोडा पुन्हा आपल्या घरी पोचू शकतो. 'हा कोणत्या जातीचा' हे सांगणाऱ्या चाचणीवर मात्र फार विसंबू नका. ती जवळच्या जाती सुचवते, संकरात सहज फसते, आणि तिच्या जोरावर कुणाला स्टडबुकात घेऊ नये.

खरारा

सगळ्यांचे आभार. ठरावाचा मसुदा इथल्या चर्चेवरून पुन्हा लिहिला, तो असा.

जातीच्या जतनात रस असलेली कुणीही प्रौढ व्यक्ती सभासद होऊ शकेल, घोडा असो वा नसो. स्टडबुक, मानक आणि पारख या तीन विषयांवर फक्त नोंदलेल्या घोड्यांचे मालक मत देतील, आणि हे कलम बदलायला त्यांचंच दोन तृतीयांश बहुमत लागेल. बाकी विषयांवर सर्वांचं मत समान. सभासदपत्र घोड्याच्या जातीचा पुरावा मानलं जाणार नाही आणि जाहिरातीत तसं भासवलं तर सभासदत्व जाईल. कागद नसलेल्या घोड्यांची एक वेगळी माहितीवही ठेवली जाईल: चिप क्रमांक, आराखडा, फोटो, आजारांच्या तपासण्या. तिचा स्टडबुकाशी संबंध नसेल आणि तिच्या पानांचा रंगही वेगळा असेल, म्हणजे कुणाची फसगत होणार नाही. तिसरी पिढींच्या उरलेल्या भीतीवर उपाय म्हणून आणखी एक: खच्ची केलेल्या घोड्यांची नोंदणी फी अगदी नाममात्र.

तिसरी पिढी

मी तुमच्या सभेत मतदार नाही, पण आमच्या संघटनेत हाच मसुदा मांडायची परवानगी द्याल का? रंगीत पानांची कल्पना मला पटली. वडील असते तर त्यांनी रंग कोणता यावर तासभर चर्चा केली असती.

खरारा

जरूर मांडा.

सभा झाली, म्हणून धागा वर काढतोय. ठराव मंजूर झाला. एक कलम गळलं: पदाधिकारी निवडीत सर्वांना मत हे लोकांना अजून पचलं नाही, ते दोन वर्षांनी पुन्हा येईल. बाकी सगळं राहिलं.

त्या बाईंना मी स्वतः पत्र लिहिलं. त्यांनी घोडीच्या आयाळीचे केसही पाठवले होते. निकाल असा आला की आमच्या नमुन्यांतल्या एका नराशी जुळणी बसते, आईचा नमुना मात्र कुणाकडेच नाही. त्यामुळे घोडी स्टडबुकात जाणार नाही, आणि ते त्यांना मान्य आहे. अर्जाचा नवा फॉर्म त्यांनी भरून पाठवलाय. नोंदणी क्रमांकाचा रकाना आता 'असल्यास' असा आहे. त्यांनी तो मोकळा सोडलाय, यावेळी रेघ मारलेली नाही.

@दुडकी, 1970 च्या दशकातल्या चार वह्या माझ्याकडे आहेत, शाई फिकट होत चाललीय. कधी बसताय?